फ्रेडी मर्क्युरी : पाचगणीचा फारोख बलसारा

सातारा जिल्ह्यातील पाचगणी हवेसाठी प्रसिद्ध आहे, तशी शाळांसाठीही. तेथील सेंट पीटर्स या इंग्रजी वळणाच्या शाळेत १९५५ च्या सुमारास एक पारशी मुलगा वसतिगृहात राहावयास आला. वय आठ-नऊ वर्षांचे, घर समुद्रापलीकडे झांजिबारला, नाव फारोख बलसारा. पुढे वीस वर्षांच्या आत साऱ्या जगाने त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखले. रॉक संगीत ऐकणाऱ्या पिढीला त्याची ओळख करून देण्याची जरूर नाही. परंतु आमच्या बडोद्यातील ज्या जुन्या घरांत तंबोरा अजून कोपऱ्यात खोळ घालून उभा आहे, तेथे हे नाव आजही थोडे परके वाटते. ही चरित्ररेखा मुख्यतः त्या घरांसाठी आहे.

वास्तविक हा माणूस आपल्याला फार दूरचा नव्हे. बलसारा हे आडनाव बलसाडवरून, म्हणजे आजच्या वलसाडवरून आले आहे. बडोद्याहून मुंबईस जाताना गाडी नवसारी सोडते आणि थोड्याच वेळात वलसाड येते. नवसारी तर गायकवाडी मुलखातलीच. पारशी समाज आणि त्यांची गुजराती आपल्या कानांना पिढ्यान्‌पिढ्या परिचयाची आहे. विलायती संगीताचेही तसेच. संस्थानी अमदानीत बडोद्याच्या कलावंत कारखान्यात गवई आणि बीनकार यांच्या जोडीला विलायती बँड होता, आणि आमच्या घरातील वडीलधारी मंडळी त्या वादकांविषयी आदरानेच बोलत असत. तेव्हा या गायकाकडे परका म्हणून पाहण्याचे कारण नाही.

फारोखचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांजिबार येथे झाला. वडील बोमी बलसारा हे तेथील ब्रिटिश सरकारच्या कचेरीत रोखपाल होते, आईचे नाव जेर. घर धर्मनिष्ठ जरथुश्ती. मुलाची नवजोत रीतीप्रमाणे झाली. झांजिबार हे अरब, आफ्रिकी आणि हिंदी लोकांचे मिश्र बंदर. मशिदीची बांग, आफ्रिकी ढोल आणि ग्रामोफोनवरचे इंग्रजी गाणे, या साऱ्यांच्या सान्निध्यात त्याचे बालपण गेले.

पाचगणीस तो चांगला रमला. सोबत्यांनी ‘फ्रेडी’ हे नाव दिले ते कायमचे चिकटले. टेबल टेनिसमध्ये त्याने बक्षिसे मिळविली, चित्रे काढली, नाटकांत कामे केली. शाळेत पियानोची शिकवणी होती, तीत त्याने चौथ्या इयत्तेपर्यंतच्या परीक्षा दिल्या. १९५८ मध्ये चार मित्रांना घेऊन ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड शाळेतच उभा राहिला. त्यात फ्रेडी पियानोवर असे, मुख्य गायक दुसराच मुलगा होता. क्लिफ रिचर्ड आणि लिटल रिचर्ड यांची गाणी ही मुले वाजवीत. गाणे एकदा कानावर पडले की तो ते पियानोवर उतरवून दाखवी, अशी त्याच्या सोबत्यांची आठवण आहे. संगीत शिकविणाऱ्याला अशी मुले ताबडतोब ओळखू येतात. त्यांना आधी ऐकू येते, नियम मागाहून कळतो.

१९६३ मध्ये तो झांजिबारला परतला. पुढच्याच वर्षी जानेवारीत तेथे राज्यक्रांती झाली, हजारो अरब आणि हिंदी माणसे मारली गेली किंवा परागंदा झाली, आणि बलसारा कुटुंब इंग्लंडला निघून गेले. लंडनजवळच्या फेल्टम गावी त्यांनी लहानसे बिऱ्हाड केले. फ्रेडी सतरा-अठरा वर्षांचा होता. ईलिंगच्या कलाविद्यालयात त्याने आरेखनाचे शिक्षण घेतले आणि १९६९ मध्ये पदविका मिळविली. चरितार्थासाठी हीथ्रो विमानतळावर सामान उचलले, केन्सिंग्टनच्या बाजारात जुने कपडे विकले, आणि फावल्या वेळी एका बँडमधून दुसऱ्या बँडमध्ये गाऊन पाहिले. १९७० च्या एप्रिलमध्ये गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमवादक रॉजर टेलर यांच्याशी त्याची जोडी जमली. मे खगोलशास्त्राचा विद्यार्थी, टेलर दंतवैद्यकाचा अभ्यास सोडून आलेला. बँडचे नाव ‘क्वीन’ ठेवावे हा आग्रह फ्रेडीचा. या शब्दाला इंग्रजी बोलीत, स्त्रीसारखा वावरणारा पुरुष, असाही एक कुत्सित अर्थ आहे, हे त्याला पक्के ठाऊक होते. त्याच सुमारास त्याने आपले आडनाव बदलून मर्क्युरी केले. १९७१ मध्ये जॉन डीकन बास गिटारवर आला आणि चौकडी पुरी झाली. बँडची मुद्रा फ्रेडीनेच रेखाटली. चौघांच्या राशींची चिन्हे, दोन सिंह, एक खेकडा, दोन पऱ्या, आणि वर पंख पसरलेला अग्निपक्षी.

त्या काळी इंग्लंडात ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ नावाच्या संगीताचा भर होता. १९६९ मध्ये किंग क्रिम्सनची पहिली तबकडी आली, पाठोपाठ येस, जेनेसिस आणि एमर्सन, लेक अँड पामर यांच्या. तीन मिनिटांचे, धृपद पुनःपुन्हा येणारे प्रेमगीत या मंडळींना अपुरे वाटे. त्यांची रचना दहा-वीस मिनिटे चाले, तिचे खंड पडत, मधेच ताल बदले, सात किंवा पाच मात्रांचे वजन येई, षड्जच सरके. विषय पुराणकथा, स्वप्ने, विज्ञान यांतून येत. आपल्याकडील रागमालेचा आणि तालमालेचा ज्याला परिचय आहे, त्याला या संगीताची कल्पना येण्यास अडचण पडू नये. सोंगेही यात पुष्कळ. जेनेसिसचा गायक पीटर गॅब्रिएल १९७२ मध्ये स्त्रीचा तांबडा झगा आणि कोल्ह्याचे डोके घालून रंगमंचावर आला तेव्हा प्रेक्षक थक्क झाले. परंतु ते सोंग होते. ज्याच्या मनातच पुरुषाविषयी प्रेम आहे, अशा कलावंताने ते उघड सांगावे, एवढी मोकळीक या संगीतातही नव्हती.

‘क्वीन’चा आरंभ याच संगीतात झाला. १९७४ च्या मार्चमध्ये आलेल्या ‘क्वीन २’ या तबकडीची एक बाजू पांढरी आणि दुसरी काळी म्हटली आहे. काळ्या बाजूवरील साऱ्या रचना एकट्या फ्रेडीच्या. त्यांतील एक रिचर्ड डॅड या चित्रकाराच्या चित्रावर बेतलेली आहे. वेड्यांच्या इस्पितळात असताना डॅडने काढलेले ते बारीक कलाकुसरीचे चित्र लंडनच्या टेट चित्रशाळेत आहे. दुसरी काळ्या राणीच्या मिरवणुकीची, साडेसहा मिनिटांची. तिच्यात एके ठिकाणी दोन निरनिराळी वजने एकाच वेळी चालतात. आपल्या तबलजीला लयकारी नवी नाही. तथापि तरुण रॉक गायकाने १९७४ मध्ये हे साधावे, ही सामान्य गोष्ट नव्हे.

या साऱ्याचा कळस म्हणजे ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’. १९७५ च्या ऑगस्टमध्ये वेल्समधील रॉकफील्ड स्टुडिओत तिचे ध्वनिमुद्रण सुरू झाले. आधी वाद्यांविना अनेक कंठांचे गान, मग पियानोवर संथ गीत, त्यानंतर गिटार, मग थट्टा आणि भय एकत्र मिसळलेला ऑपेराचा प्रवेश, त्यातून फुटणारे जोरकस रॉक, आणि अखेरीस सारे शांत. धृपद म्हणून कोठेच नाही. सुरुवात एका षड्जावर आणि समाप्ती दुसऱ्याच. ऑपेराच्या भागातील मोठा जनसमूह म्हणजे वस्तुतः फ्रेडी, मे आणि टेलर हे तिघेच. त्यांनी आपले आवाज एकावर एक इतके चढविले की फीत झिजून जवळजवळ पारदर्शक झाली. त्या गोंधळात ‘बिस्मिल्ला’ हा शब्द येतो, तेव्हा झांजिबारचा समुद्रकिनारा मला आठवल्यावाचून राहत नाही. जवळजवळ सहा मिनिटांची ही रचना कोणी वाजविणार नाही, असे कंपनीच्या जाणकारांचे मत होते. ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी ती प्रसिद्ध झाली आणि ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. तिचा हस्तलिखित मसुदा २०२३ मध्ये लंडनच्या लिलावात तेरा लाख पौंडांहून अधिक किमतीस गेला.

त्या गीतातील तरुण आईपाशी एका हत्येची कबुली देतो आणि आता आपला जन्म वाया गेला असे म्हणतो. ज्याची हत्या झाली तो जुना फारोख, घराण्याला अपेक्षित असलेला मुलगा, असा अर्थ अनेक अभ्यासकांनी लाविला आहे. फ्रेडीने स्वतः अर्थ कधीच सांगितला नाही, आणि बाकीच्या तिघांनीही त्याचे मौन राखले. मी तो अर्थ कोणावर लादणार नाही. तथापि त्याच्या आयुष्यातील घटना या रचनेशेजारी ठेवून पाहाव्यात, एवढे म्हणणे गैर होणार नाही.

त्या घटना अशा. १९७० च्या सुमारापासून मेरी ऑस्टिन ही तरुणी त्याच्यासमवेत संसार करीत होती. त्याने तिच्यावर खरोखर प्रेम केले. त्या प्रेमातून निघालेले एक गीत ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ असलेल्या तबकडीवरच आहे. १९७६ मध्ये त्याने तिला सांगितले की आपले मन पुरुषांकडे ओढ घेते. त्यांचे सहजीवन संपले, मैत्री मात्र अखेरपर्यंत टिकली. आपले घर आणि संपत्तीचा मोठा हिस्सा त्याने मृत्युपत्रात तिलाच दिला. १९८५ पासून जिम हटन हा आयरिश केशकर्तनकार त्याचा सहचर होता, आणि अखेरच्या आजारात त्याने जिवापाड शुश्रूषा केली. स्त्रीवरही खरे प्रेम केलेल्या या माणसाला नेमके कोणते नाव द्यावे याविषयी अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. तो वाद मला गौण वाटतो.

इंग्लंडात पुरुषा-पुरुषांतील संबंध १९६७ पर्यंत गुन्हा होता. त्या साली कायदा सैल झाला, तोही एकवीस वर्षांवरील व्यक्तींसाठी आणि चार भिंतींआड. लोकांची मने कायद्यासारखी एका दिवसात बदलत नाहीत. वृत्तपत्रे पाळत ठेवून असत. त्यात फ्रेडी आशियाई स्थलांतरिताचा मुलगा. १९६८ नंतर अशा कुटुंबांविषयीचा कडवटपणा ब्रिटिश राजकारणात उघड बोलला जात होता. त्यामुळे त्याच्या वाट्याला दोन मौने आली. आपण कोठून आलो याविषयी तो फारसे बोलत नसे, आणि आपण कोणावर प्रेम करतो हे विचारल्यास थट्टेवारी नेई. पाचगणी आणि झांजिबार हे शब्द त्याच्या मुलाखतींत क्वचितच येतात. गाण्यात मात्र तो राजा झाला, राणी झाला, पऱ्यांचा सोबती झाला, अपराधी झाला. खंडाखंडांनी रंग पालटणाऱ्या त्या रचनाप्रकाराने त्याला जी जागा दिली, ती साध्या प्रेमगीतात मिळाली नसती. साध्या गीतात कोण कोणास उद्देशून गातो हा प्रश्न लगेच येतो. नाटकात तो येत नाही.

१९८० च्या सुमारास त्याने लांब केस कापले, मिशा राखल्या. लंडन-न्यूयॉर्कच्या समलिंगी पुरुषांत त्या वेळी हा वेष रूढ होता. ज्यांना खूण कळायची त्यांना ती कळली. १९८४ मध्ये जॉन डीकनच्या एका गीताच्या चित्रफितीत चौघांनीही इंग्रजी दूरचित्रवाणीमालिकेतील गृहिणींचे विडंबन म्हणून स्त्रीवेष घेतला. ब्रिटन हसले, अमेरिका बिथरली, आणि तेथे बँडची लोकप्रियता घसरली. ज्या गावाने बालगंधर्वांच्या नाटक मंडळीला राजाश्रय दिला, त्या गावातल्या रसिकाला याचे नवल वाटेल. रंगभूमीवर पुरुषाने शालू नेसून उभे राहावे आणि कुलीन स्त्रियांनी त्याच्या लकबी उचलाव्यात, हे आपल्या आजी-पणजींनी पाहिले आहे. रंगमंचावरचे हे औदार्य आपण घराच्या उंबरठ्याआत कितपत आणले, हा प्रश्न निराळा.

त्याच्या आवाजाविषयी थोडे सांगतो. बोलण्याचा आवाज मध्यम खर्जाचा, पुरुषी. गाताना मात्र तो तारसप्तकात सहज चढे आणि तेथे आवाज चिरका न होता धारदार होई. २०१६ मध्ये युरोपातील संशोधकांनी त्याच्या ध्वनिमुद्रिकांचे पृथक्करण केले. स्वराला दिलेला त्याचा कंप सेकंदास सुमारे ७ वेळा होत असे, इतर गायकांत तो बहुधा याहून संथ असतो. त्याच्या वरच्या जबड्यात चार दात जास्त होते, त्यामुळे ओठ पुढे येत. पैसा आल्यावरही ते त्याने काढविले नाहीत, कारण आवाज बिघडेल ही धास्ती. १९७५ पासून स्वरतंतूंवर गाठी येऊन गळा अधूनमधून बसे. असा गळा घेऊन वर्षानुवर्षे गाणे म्हणजे काय, हे गाणाऱ्यासच कळेल.

एक डाग मात्र झाकता येणार नाही. १९८४ च्या ऑक्टोबरमध्ये, वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेवर सांस्कृतिक बहिष्कार असताना, ‘क्वीन’ने तेथील सन सिटीत कार्यक्रम केले. ब्रिटनच्या वादक संघाने त्यांना दंड केला. ज्याने स्वतः परकेपण भोगले त्याने हे करावयास नको होते. पुढील वर्षी १३ जुलै रोजी, इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठी झालेल्या ‘लाइव्ह एड’ कार्यक्रमात, त्याने वेम्बलीच्या मैदानावर वीस मिनिटांत सत्तर हजारांहून अधिक श्रोत्यांकडून एकेक तान म्हणवून घेतली. एवढा मोठा वर्ग सुरात म्हणताना ऐकून कोणाही संगीतशिक्षकाला हेवा वाटावा. ९ ऑगस्ट १९८६ रोजी नेबवर्थ येथे त्यांचा शेवटचा जाहीर जलसा झाला.

१९८७ मध्ये त्याला एड्स झाल्याचे निदान झाले. त्या काळी हे निदान म्हणजे मृत्यूची सूचनाच. त्याने ते बँडच्या सोबत्यांना आणि मोजक्या जिवलगांनाच सांगितले आणि कामाचा वेग वाढविला. स्पॅनिश ऑपेरागायिका माँतसेरात काबाये हिचा तो निस्सीम चाहता होता. तिच्यासह त्याने ‘बार्सिलोना’ ही तबकडी १९८८ मध्ये पुरी केली. १९९१ च्या फेब्रुवारीत आलेल्या ‘इन्युएंडो’ या तबकडीच्या शीर्षकगीतात तो पुन्हा आपल्या आरंभीच्या संगीताकडे वळला. साडेसहा मिनिटांची खंडात्मक रचना, मधे स्पॅनिश धाटणीची गिटार, आणि ती वाजविण्यास आलेला स्टीव्ह हाऊ, म्हणजे ‘येस’चाच गिटारवादक. त्यानंतरही स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे, उभे राहणे कठीण झाले असता, तो गात राहिला. मे १९९१ मधील त्याच्या अखेरच्या ध्वनिमुद्रणाचा विषय पुन्हा आईची माया हाच आहे. त्याचे शेवटचे कडवे त्याच्याने झाले नाही, ते पुढे ब्रायन मेने गायिले.

वृत्तपत्रांचे छायाचित्रकार केन्सिंग्टनच्या घराबाहेर तळ देऊन होते. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने आपला आजार निवेदनाद्वारे जाहीर केला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्याचा अंत झाला. ज्याने आपल्या जन्मवृत्ताविषयी आयुष्यभर मौन पाळले, त्याचे अंत्यविधी जरथुश्ती धर्मगुरूंनी अवेस्ता भाषेतील प्रार्थनांनी केले. रक्षा मेरी ऑस्टिनने अज्ञात स्थळी ठेवली. त्या डिसेंबरात ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ पुनः प्रसिद्ध झाली, पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेली, आणि तिचे ब्रिटनमधील उत्पन्न एड्सच्या रुग्णांसाठी झटणाऱ्या संस्थेला मिळाले. १९९२ मध्ये त्याच्या नावे निघालेला मर्क्युरी फीनिक्स ट्रस्ट याच कामासाठी आहे. या रोगाला आवर घालणारी संयुक्त औषधयोजना १९९६ मध्ये प्रचारात आली. पाच वर्षांचा फरक पडला.

काळ पालटला आहे, पण सगळीकडे सारखा नाही. २००६ मध्ये झांजिबारात त्याच्या साठाव्या जन्मदिनाचा सोहळा विरोधामुळे रद्द करावा लागला. २०१४ मध्ये अमेरिकेतील ‘सिनिक’ या प्रोग्रेसिव्ह मेटल बँडच्या दोन वादकांनी आपण समलिंगी असल्याचे स्वतःहून सांगितले. २०१८ च्या सप्टेंबरात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने असे प्रेम गुन्हा नव्हे असा निर्णय दिला.

आता शेवटचा मुद्दा. दरबारी गवयाच्या घरात वाढल्यामुळे मला एक गोष्ट लहानपणीच कळली होती. थोर कलावंतांची चरित्रे आपल्याकडे दोन असतात. एक दिवाणखान्यात सांगावयाचे, दुसरे माजघरात कुजबुजावयाचे. पहिल्यात गुरुभक्ती, रियाज, महाराजांची बिदागी, दुसऱ्यात उरलेला माणूस. पहिले छापले जाते, दुसरे त्या पिढीबरोबर जाते. फ्रेडीविषयीही हेच चालले आहे. पाचगणीचा म्हणून अभिमान बाळगणारे पुष्कळ भेटतात, आणि त्याचे प्रेम कोणावर होते हे निघाले की विषय बदलणारेही तेच असतात. याच्या उलट, त्याच्या शय्येच्या आणि आजाराच्या गोष्टी चवीने सांगणाऱ्यांना त्याच्या षड्जबदलाचे काही नसते. या दोन्ही सांगण्यांत तो माणूस अपुराच राहतो.

माझ्या वर्गात सतरा-अठरा वर्षांची मुले येतात. त्यांतील एखाद्याच्या मनातही फारोखसारखेच काही दडलेले असेल, आणि ते कोणाजवळ बोलावे हे त्याला कळत नसेल. मी त्याला विचारणार नाही, तो त्याचा अधिकार आहे. परंतु फ्रेडीचे नाव निघाले की मी त्याचे चरित्र सबंध सांगतो. शाळेतला पियानो, बलसाडचे आडनाव, तालांची गुंफण, मेरी, जिम, तो आजार, ती अवेस्तातील प्रार्थना, सारे एकाच आवाजात, स्वर न चोरता. ऐकणाऱ्याला एवढे तरी कळावे की या घरात, या विषयावर, आवाज खाली करावा लागत नाही.